सहा वाजताचा शब्द

दिवेलागणीला अजून थोडा अवकाश होता. लक्ष्मीपुरीतल्या एका अरुंद बोळाच्या तोंडाशी नुजहत शिकलगारनं स्कूटी लावली, डिकीतून पिशवी काढली आणि दुकानांच्या पाट्या वाचत चालू लागली. पिशवीत डिक्शनरी होती. खरं म्हणजे डिक्शनरीचे तीन तुकडे होते. जुन्या पुस्तकांच्या ढिगातून तिनं हौसेनं उचललेलं ते धूड क्लासच्या पोरांनी दोन महिन्यांत खिळखिळं करून टाकलं होतं.

बोळाच्या टोकाला छापखान्याला खेटून एका शटरएवढं बाइंडिंगचं दुकान होतं. आत अंधारून आलं होतं, तरी दिवा लावलेला नव्हता. खळीचा आंबूस वास येत होता. सत्तावीस-अठ्ठावीसचा एक तरुण मांडी घालून पुस्तक शिवत बसला होता. त्यानं मान वर केली, तिला बघितलं आणि ओळखीचं हसला.

"आणलासा व्हय आज? काल नुसतंच दारात उभा राहून गेलासा."

नुजहतनं मागं वळून बघितलं. मागं कुणी नव्हतं.

"मला म्हणताय?"

"तुम्हालाच की. काल याच वेळेला आलतासा. हीच हिरवी ओढणी."

"पावणं, ह्या बोळात मी जन्मात पहिल्यांदा आलोय," नुजहत म्हणाली. कोल्हापूरच्या पोरी बोलतात तशी ती 'आलोय, गेलोय' असंच बोलायची. इंग्लिश शिकवायला लागली म्हणून त्यात फरक पडला नव्हता. "चौघांना विचारत आलोय."

त्याचं हसू हळूहळू उतरलं. त्यानं सुई खाली ठेवली. तिच्या तोंडाकडं बघितलं, चपलांकडं बघितलं, परत तोंडाकडं.

"मग काल कोण... मी विचारलं, काय पायजे? तर तुम्ही 'की' म्हणालासा. मी म्हटलं, काय की? तर काय न बोलता गेलासा."

नुजहतच्या मानेवरून गार वारा गेल्यासारखं झालं.

ती राजारामपुरीत मैत्रिणीबरोबर इंग्लिशचा क्लास चालवायची आणि रोज दुपारी मोबाइलवर एक व्हिडिओ टाकायची. एक अडनिडा इंग्लिश शब्द घ्यायचा, त्याचा खरा उच्चार आणि अर्थ कोल्हापुरी बोलीत सांगायचा. पोरं हसत हसत शिकायची. त्या दिवशीचा शब्द होता जहाजं लागतात त्या धक्क्याचा. लिहिताना क्यू, यू, ए, वाय लिहायचं, वाचणारा हमखास 'क्वे' वाचतो, आणि उच्चार निव्वळ 'की'! "व्हय की, न्हाय की, तसलाच की," असं तिनं व्हिडिओत सांगितलं होतं. पण तो शब्द तिनं त्या दिवशी सकाळी निवडला होता. काल संध्याकाळी तो तिच्या स्वतःच्या डोक्यातसुद्धा नव्हता.

"पोरींशी बोलायला ही नवीन युक्ती काढलीय व्हय?" तिनं आवाज चढवून विचारलं. भ्यायली की तिचा आवाज चढायचा.

तो कानापर्यंत लाल झाला. "न्हाय ओ मॅडम... मला असलं जमत असतं तर..." पुढचं वाक्य त्यानं गिळलं आणि चिठ्ठ्यांचं पुडकं ओढलं. "नाव सांगा."

"नुजहत."

या नावाची आजवर बरीच वाताहत झाली होती. कुणी नुसरत म्हणायचं, कुणी नजाकत. एका कुरिअरवाल्यानं तर 'न्यूज हट' अशी हाक मारली होती. त्यानं मात्र चिठ्ठीवर सुबक अक्षरात लिहिलं, आणि लिहिताना स्वतःशीच म्हटलं, "नुज-हत." नाजूक पान उलटावं तितक्या जपून.

"आठ दिवस लागतील. शिलाई उसवलीय सगळी. माझं नाव अबुजर. अबुजर जमादार."

स्कूटीपाशी आल्यावर तिनं दोनदा वळून बोळाकडं बघितलं. त्या बघण्यातली भीती किती आणि दुसरं काय किती, हे तिला त्या वेळी सांगता आलं नसतं.

---

"लाइन मारतोय गं तुझ्यावर," दुसऱ्या दिवशी स्नेहल म्हणाली. क्लास दोघींचा होता. नुजहत शब्द शिकवायची, स्नेहल व्याकरण. "तुझे व्हिडिओ बघत असणार. त्यातनं उचललं असेल."

"व्हिडिओ चारला टाकला मी. तो आदल्या दिवशीचं सांगतोय, स्नेहल."

"मग योगायोग. आमच्या घरी दिवसातनं शंभरदा 'की' म्हणतात."

तेही खरंच होतं. पण नुजहतला चैन पडेना. तीन दिवसांनी तिनं परीक्षाच घ्यायची ठरवली. सकाळी मोबाइलमधल्या शब्दांच्या यादीवर तिनं डोळे मिटून बोट टेकवलं. शब्द निघाला 'सुसरस': वाऱ्यानं पानं हलतात तसली सळसळ, कानाशी होणारी कुजबुज. मधल्या 'सर'वर जोर. तिनं तो कागदावरसुद्धा लिहिला नाही आणि व्हिडिओही केला नाही. संध्याकाळी दुकानाच्या पायरीवर जाऊन उभी राहिली.

"काल आलती का कोण?"

अबुजरनं हातातलं पुस्तक बाजूला ठेवलं. "आलती."

"काय म्हणाली?"

"सुसर."

"काय?"

"सुसर की कायतरी. मी घाबरलो, म्हटलं कुठं हाय? पंचगंगेला सुसर आलीय, हे सांगायला कशाला कोण बाइंडरकडं येईल!"

नुजहतला हसू फुटलं. पोट धरून हसली ती. आणि हसता हसताच तिच्या अंगावर सर्रकन काटा आला, कारण बोळात वारा नव्हता, तरी अबुजरच्या मागं मांडलेले कोरे कागद कडेकडेनं सळसळत होते.

दोघंही त्या कागदांकडं बघत राहिले. सळसळ थांबली.

"च्या सांगू?" अबुजरनं विचारलं.

"सांगा," ती म्हणाली. एकटीनं बोळातून परत जायला तिचे पाय तयार नव्हते.

त्या दिवसापासून ती वरचेवर जाऊ लागली. निमित्त डिक्शनरीचं होतं, आणि अबुजरही काही घाई करत नव्हता. आज शिलाई व्हायची असायची, उद्या खळ वाळायची असायची, परवा पुठ्ठा मनासारखा मिळालेला नसायचा. दहावीत असताना वडिलांची नजर गेली, तेव्हा त्याची शाळा सुटली आणि दुकान गळ्यात आलं. पण तो पुस्तक शिवता शिवता वाचायचा. ज्या पानावर दोरा ओढायचा तेवढंच पान वाचून व्हायचं. "शेकडो पुस्तकांचं मधलंच ठाऊक हाय मला," तो म्हणाला होता. "शेवट एकाचापण न्हाय."

एके दिवशी तिनं पायरीवर टेकायच्या आत त्यानं विचारलं, "लिमरन्स म्हंजे काय ओ मॅडम?"

नुजहतचे कान गरम झाले. हा शब्द तिनं सकाळी निवडला होता, आणि निवडताना समोर कुणाचा चेहरा आला होता हे तिला पक्कं ठाऊक होतं. एखाद्या माणसापायी लागलेलं खूळ. उठता बसता तोच, आणि त्यालाही आपल्याबद्दल काही वाटतं का, याचा जिवाला घोर.

"वाळवी," ती म्हणाली.

"वाळवी?"

"पुस्तकाला लागते ती. इंग्लंडमधली."

"आन् ती मला कशाला सांगायला आलती?"

"वाळवी बाइंडरला सांगायची न्हाय तर काय डॉक्टरला?"

त्यानं मान डोलावली आणि पुन्हा पुठ्ठा कापू लागला. पण दोन दिवसांनी डिक्शनरी तिच्या हातात देताना तो खाली बघत म्हणाला, "मॅडम... वाळवी बघितली मी. तुमच्याच डिक्शनरीत. पान शिवायच्या आधी."

"मग?"

"मग काय... औषध दिलेलं न्हाय त्यात."

नुजहतनं डिक्शनरी छातीशी धरली. नव्या कापडाचा आणि खळीचा वास येत होता. काहीतरी बोलायला हवं होतं आणि तिच्याकडं, त्या शब्दवालीकडं, एक शब्द नव्हता. शेवटी तिनं भलतंच विचारलं.

"ती... कशी असते?"

"तुमच्यासारखीच. डोळे, ओढणी, सगळं. फक्त गप असते. एक शब्द बोलते आन् जाते." त्यानं खळीचा डबा झाकला. "आन् ती माझ्याकडं बघते."

"आणि मी?"

"तुम्ही डिक्शनरीकडं बघता."

---

जानेवारी लागला. नुजहतनं 'साधे शब्द, लपलेले अर्थ' अशी मालिका सुरू केली. एका दुपारी क्लासमध्ये एकटीच होती. मोबाइल उभा केला, डिक्शनरी उघडली. शब्द होता 'फेच'. जाऊन आणणे, चौथीच्या पोरालाही माहीत असलेला. खाली दुसरा अर्थ, तिसरा अर्थ... आणि मग वेगळा आकडा देऊन, तोच शब्द पुन्हा.

जिवंत माणसाची हुबेहूब छाया.

तिनं मोबाइलवर आणखी शोधलं. आयर्लंडकडची जुनी समजूत निघाली. माणूस एकीकडं असतो आणि त्याची छाया भलतीकडं कुणाला तरी दिसते. सकाळी दिसली तर त्या माणसाला उदंड आयुष्य. संध्याकाळी दिसली, तर मरण जवळ आलं.

मोबाइल चालूच होता. पडद्यावर तिचाच चेहरा तिच्याकडं बघत होता. तिनं घाईघाईनं तो पालथा घातला.

पाच वाजता ती दुकानात होती.

"ती कधी सकाळची आलीय का? एकदा तरी? आठवून सांगा."

"न्हाय. सहालाच येते. उजेड जाताना. का ओ?"

तिनं सांगितलं. हसत सांगायचं ठरवलं होतं, पण 'मरण' म्हणताना आवाज फाटला. अबुजर ऐकत राहिला. त्यानं समजूत काढली नाही, खोटं काही सांगितलं नाही. उठला आणि पुस्तकं दाबायच्या यंत्राचा दांडा आवळू लागला. आत पुस्तक नव्हतंच.

"उद्यापासनं पाचला दुकान बंद," तो म्हणाला.

"वेडे की काय तुम्ही? संध्याकाळीच गिऱ्हाईक असतं तुमचं."

"दार बंद असलं तर येणार कुठं ती? बघितलीच न्हाय मी, तर दिसली असं कोण म्हणणार?"

या युक्तीत काही तथ्य होतं की नव्हतं कोण जाणे. पण दुसऱ्या दिवसापासून बोळातलं ते शटर ठोक्याला पाच वाजता खाली येऊ लागलं. छापखान्याचा सयाजी, अबुजरपेक्षा दहा वर्षांनी मोठा आणि तोंडाचा फाटका, रोज विचारायचा, "काय रं, कुणाच्या भ्यानं?" अबुजर कुलूप लावून चालू लागायचा. कोपऱ्यावरच्या गाड्यावर चहा घेऊन तो तासभर तिथंच घुटमळायचा.

असे बारा दिवस गेले. नुजहतला झोप लागू लागली.

तेराव्या दिवशी मंगळवार होता. मंगळवारी संध्याकाळी कागलला तिचा एक वर्ग असायचा, कारखान्यात कामाला जाणाऱ्या पोरींचा. पावणेसहाला ती निघाली. उसाचा हंगाम भरात होता. रस्त्याला ट्रॅक्टर आणि त्यामागं दोन-दोन ट्रॉल्यांची रांग. धूर आणि धुकं मिसळून हवा करडी झाली होती. शाहू नाक्याच्या पुढं पेट्रोल भरायला ती पंपावर वळली. टाकीचं झाकण लावते तोवर फोन वाजला.

"मॅडम, कुठं हायसा?" अबुजर धापा टाकत होता.

"पंपावर. कागलला चाललोय. काय झालं?"

"थांबा. जाऊ नका."

"अहो, पण—"

"थांबा म्हणतोय न्हवं!" तो ओरडला. त्याला असं ओरडताना तिनं कधी ऐकलं नव्हतं. मग त्याचा आवाज खाली आला. "ती आलती. सयाजीदाला दिसली. शटर बंद, आन् ही समोर उभी. त्याला वाटलं तुम्हीच. तो म्हणाला, अबुजर कोपऱ्यावर हाय. तर त्याच्याकडं बघून एक शब्द बोलली आन् त्याच्यादेखत... सयाजीदा थरथर कापतोय हितं. सहा फुटी माणूस."

"कुठला शब्द?"

"तेच सांगतोय. पाच वेळा म्हणून घेतलं त्याच्याकडनं. मोबाइलवर बघितलं तर एकाच स्पेलिंगचे दोन निघाले. टारी म्हंजे डांबर माखलेलं. मी म्हटलं, सयाजीदा, नीट आठव, टारी म्हणाली का? तो म्हणतोय न्हाय, ट्यारी. ट्या. ट्यारी."

नुजहतच्या हातातली किल्ली गार पडली. तिला तो शब्द ठाऊक होता. टी, ए, दोन आर, वाय. उच्चार 'ट्यारी' झाला तर अर्थ: रेंगाळणं. निघायची वेळ झाली तरी मागं राहणं. थांबणं.

"मॅडम? ऐकताय न्हवं?"

"ऐकतोय. थांबलोय मी."

"फोन ठेवू नका," अबुजर म्हणाला. "बोलत राहा. कायपण बोला."

ती पंपाच्या कडेला, हवा भरायच्या जागेपाशी कठड्यावर बसली. आणि दोघं बोलत राहिले. लहानपणी उर्दू शाळेत आपण इंग्लिशला किती घाबरायचो ते तिनं सांगितलं. 'नाइफ'मधला मुका 'के' बघून ती रडली होती, लिहायचा आणि बोलायचा नाही तर तो आहे कशाला, म्हणून. अबुजरनं विचारलं, मग आता कळलं का कशाला असतो? ती म्हणाली, कळलं. काही अक्षरं नुसती सोबतीला असतात.  त्यावर तो म्हणाला, "मॅडम, मला..." आणि तेवढ्यात कागलकडून आलेला एक मोटारसायकलवाला पंपावर वळला आणि मोठमोठ्यानं सांगू लागला.

"पुढं जाऊ नका कोण! उसाची ट्रॉली पलटी झालीय. पुलाच्या उताराला. आख्खी डावी बाजू बुजलीय. आत्ता, माझ्या डोळ्यांसमोर. देवाची किरपा, खाली कोण न्हवतं."

डावी बाजू म्हणजे दुचाक्या जायची बाजू. नुजहतनं घड्याळ बघितलं. ती थांबली नसती तर बरोबर तिथं असती.

फोनमधून सगळं ऐकू गेलं होतं.  तिनं फोन पुन्हा कानाला लावला तेव्हा तिला कळलं, तो रडतोय.

---

दुसऱ्या दिवशी दुपारी ती दुकानात गेली, ते मनात सगळं बोलायचं ठरवूनच. पण रात्रभर जो विचार डोकं पोखरत होता, तोच आधी तोंडातून आला.

"आता परत येईल का हो ती?"

"यावी असं वाटतं," अबुजर सरळपणानं म्हणाला. "तिचे उपकारच हायत. आन् खरं सांगू... सवय झालीय. सहा वाजले की नजर दाराकडं जाते."

नुजहत उठून उभी राहिली. जिनं जीव वाचवला तिच्यावरच आपण जळतोय, आणि ती म्हणजे आपलाच चेहरा, हे तिला कळत होतं. पण जळायला नीट कारण लागतं थोडंच?

"बसा मग वाट बघत," ती म्हणाली. "ती गप असते. माझ्यासारखी वटवट करत न्हाय."

"मॅडम, तसं न्हाय ओ—"

पण ती बोळाच्या बाहेर पडली होती.

तीन दिवस तिनं फोन उचलला नाही. घरी अम्मीनं विचारलं, "जेवणात लक्ष न्हाय, क्लासात भांडलीस का?" तिनं मान हलवली. चौथ्या दिवशी संध्याकाळी मात्र तिला राहवलं नाही. काय ते तोंडावर विचारून मोकळं व्हायचं, म्हणून ती निघाली. बोळाच्या तोंडाशी आली तेव्हा सहा वाजत होते.

शटर उघडं होतं.

ती समोरच्या भिंतीला टेकून उभी राहिली. आत दिवा नव्हता. अबुजर उंबऱ्याच्या आत उभा होता, आणि उंबऱ्याबाहेर, पायरीवर, कुणीतरी उभं होतं. हिरवी ओढणी. डाव्या खांद्यावर वेणी. नुजहतला स्वतःची पाठ दिसत होती.

 सयाजीच्या यंत्राची खडखड चालू होती, कुठंतरी मशिदीचा भोंगा खरखरून अजान सुरू झाली होती, आणि त्या सगळ्यातून अबुजरचा आवाज तिला स्वच्छ ऐकू येत होता.

"आज शब्द सांगू नका. आज मी बोलतो," तो म्हणत होता. त्याचे हात खळीनं माखलेले होते आणि ते कुठं ठेवावेत हे त्याला कळत नव्हतं. "तुम्ही त्यांना राखलंत. जन्मभर विसरणार न्हाय. पण आता येऊ नका. मला सवय लागाय लागलीय, आन् ते बरं न्हाय. मला त्या पायजेत. त्या मोठ्यानं बोलतात, खोटे अर्थ सांगतात, रागावून जातात आन् मग फोन उचलत न्हाईत. तीन दिवस एक पुस्तक धड शिवलेलं न्हाय मी. तुम्ही गेलात की मला भीती वाटते. त्या गेल्या की... त्या गेल्या की जीव लागत न्हाय कशात."

पायरीवरची आकृती हलली नाही. मग अगदी सावकाश तिनं मान वळवली. दुकानातून बोळाकडं.

नुजहतनं डोळे मिटून घेतले नाहीत. स्वतःचा चेहरा तिनं बघितला, आरशात दिसतो तसा नव्हे, दुसऱ्यांना दिसतो तसा. भांग उजव्या बाजूला, गालावरचा तीळ भलत्या गालावर. त्या चेहऱ्यावर दुष्टावा नव्हता. दमलेला होता तो. लांबचं काम उरकून आलेल्या बाईसारखा. तिनं नुजहतकडं बघितलं, ओठ हलले. काय बोलली ते ऐकू आलं नाही, कारण तेवढ्यात कागदाची रिमं लादलेली हातगाडी दोघींच्या मधून गेली.

गाडी पुढं गेली तेव्हा पायरी रिकामी होती.

नुजहत भिंत सोडून निघाली. बोळ ओलांडायला चार पावलं पुरतात, पण तिला ते फार लांब वाटलं. अबुजर तिला येताना बघत होता आणि एकेक पाऊल मागं सरकत होता.

"मॅडम...?" त्यानं विचारलं. "तुम्ही... तुम्हीच न्हवं?"

ती पायरी चढली. तिला धाय मोकलून रडायचं होतं, आणि त्याहूनही जास्त त्याला झापायचं होतं.

"मग कोण असणार?" ती कडाडली. "आणि खोटे अर्थ सांगतात म्हणे! एकदाच सांगितला होता. एकदा!"

छापखान्याचं यंत्र थांबलं. सयाजीनं डोकं बाहेर काढलं, बघितलं आणि आत घेतलं.

अबुजर मटकन पुठ्ठ्यांच्या गठ्ठ्यावर बसला आणि हसू लागला, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. नुजहत त्याच्या शेजारी बसली. खळीनं माखलेला त्याचा हात तिनं दोन्ही हातांत घेतला. चिकट होता, आणि ऊन होता.  यावेळी तिच्या हातात डिक्शनरी नव्हती आणि ती त्याच्याकडंच बघत होती.

"त्या दिवशी फोनवर काय म्हणणार होतासा?" तिनं हळूच विचारलं. "'मला...' एवढंच म्हणालासा."

"मला तुम्ही..." तो पुन्हा अडखळला. इकडं तिकडं बघितलं. "शब्द सांगा की ओ एखादा. तुमच्याकडं एवढे हायत."

"न्हाय. ह्याला तुमचाच पायजे."

त्यानं दीर्घ श्वास घेतला.

"आवडता," तो म्हणाला. "नुजहत, तुम्ही मला लई आवडता."

तिनं उच्चारात एकही चूक काढली नाही. फक्त एवढंच म्हणाली, "रविवारी घरी या. अब्बांशी मीच बोलतो. त्यांच्यासमोर असं अडखळू नका, नबीलाल शिकलगारांना अडखळणारा जावई चालायचा न्हाय."

पण रविवारी अबुजर अडखळलाच, दोनदा. नबीलालनी त्याला तांबडा रस्सा वाढला, त्यानं शिवलेली डिक्शनरी उलटीसुलटी करून बघितली, कणा दाबून बघितला आणि नुजहतच्या अम्मीला म्हणाले, "पोराचा हात पक्का हाय." होकार यायला तेवढं पुरलं.

निकाह ईदेनंतर झाला. पत्रिका सयाजीनं छापल्या, आणि नुजहतनं त्या चारदा तपासूनही एका ठिकाणी काना राहिलाच.

ती छाया पुन्हा कुणाला दिसली नाही. तरी अबुजरची खोड गेली नाही. उजेड जायला लागला की तो दाराकडं बघतो आणि त्याच्या छातीत एकदा धडधडतंच. नुजहतला ते ठाऊक आहे. म्हणून क्लास सुटल्यावर ती सहाच्या सुमाराला बोळाच्या तोंडाशी स्कूटी लावते आणि पहिलं पाऊल टाकायच्या आधीच, सगळ्या बोळाला ऐकू जाईल अशी हाळी देते.

"मीच हाय ओ!"

आतून दिवा लागतो.